अनोळखी कुत्र्याशी ओळख करताना

कुत्रा अनोळखी असला की ओळख करायची की नाही हे त्याने ठरवायचं असतं. आपण त्याला तेवढा वेळ आणि तेवढी जागा द्यायची. चावण्याचे प्रसंग नीट तपासले तर बऱ्याचदा क्रम एकच दिसतो: कुत्रा अंगाने 'नको' म्हणत असतो, समोरच्याला ते कळत नाही, आणि मधलं अंतर माणूसच कमी करत जातो. शेवटी कुत्र्याकडे दातांखेरीज दुसरा उपाय उरत नाही. म्हणून हात कसा फिरवायचा यापेक्षा हात कधी आवरायचा, यालाच खाली जास्त जागा दिली आहे.

जिथे जायचंच नाही

खाणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याला छेडू नये हे सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्यातला झोपेचा नियम सर्रास मोडला जातो. उभ्या गाडीखाली किंवा जिन्यात मुटकुळं करून पडलेला कुत्रा दचकून उठला की आधी तोंड चालवतो, कोण आहे ते नंतर बघतो. म्हाताऱ्या कुत्र्यांना ऐकूही कमी येतं. वाट त्याच्या अंगावरूनच जात असेल तर लांबून पाय वाजवावेत, दोन शब्द बोलावेत, आणि त्याने मान वर केल्यावरच पुढे व्हावं.

पिल्लांजवळच्या कुत्रीपासून लांब राहावं. आपल्याकडे मोकाट कुत्र्या मोठ्या प्रमाणावर भाद्रपदाच्या सुमारास माजावर येतात. गर्भाचा काळ साधारण ६३ दिवसांचा, त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात सोसायटीच्या मीटरच्या खोलीमागे, बांधकामाच्या वाळूत, टपरीच्या फळीखाली पिल्लं दिसू लागतात. एरवी रोज शेपूट हलवत सामोरी येणारी कुत्री या दीड-दोन महिन्यांत ओळखीच्या माणसावरही वसकन येते. पिल्लं एकटी दिसली तरी आई जवळपासच आहे असं धरून चालावं. भाद्रपदात एका कुत्रीमागे पाच-सात कुत्र्यांचा घोळका दिसला तर सरळ रस्ता बदलावा. त्यांची आपसांत जुंपलेली असते आणि मधे सापडलेल्या माणसाला चावा बसतो. तो त्याच्यासाठी नव्हता, हे कळून काही फायदा नसतो.

बांधलेला, फाटकामागचा किंवा गाडीत बसवलेला कुत्रा. भीती वाटली की कुत्रा आधी लांब जायला बघतो. साखळी, फाटक किंवा गाडीची काच ती वाट बंद करते. फाटकाच्या फटीतून हात घालून लाड करणं म्हणजे ज्याला मागे सरकायला जागा नाही, त्याच्याच अंगणात घुसणं.

राखणीचे कुत्रे हा वेगळा प्रकार. धनगरांच्या वाड्यावरचे किंवा शेतातल्या वस्तीवरचे कुत्रे ओळख करून घ्यायला नसतात, ते कामावर असतात. माळावर किंवा गडाच्या वाटेवर मेंढरांचा कळप आडवा आला तर कळपातून जाऊ नये. लांब थांबून हाक मारावी. "कुत्रं धरा हो!" ही हाक गावाकडे रीतीचाच भाग आहे, त्यात भित्रेपणा काही नाही. रेल्वे स्टेशनवर पोलिसांबरोबर दिसणारे श्वानपथकाचे कुत्रेही याच गटातले. त्यांना हात लावू का, असं विचारूही नये.

शेवटचा आणि सगळ्यात गंभीर प्रकार आजारी कुत्र्याचा. चाल लडखडणारी, खालचा जबडा लोंबणारा, लाळ गळणारी, आवाज बदललेला, समोर येईल त्याला कारण नसताना तोंड घालणारा कुत्रा दिसला तर अंतर ठेवावं आणि महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवावं. दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. पाण्याची भीती हे माणसातल्या रेबीजचं लक्षण आहे, पिसाळलेला कुत्रा पाण्याजवळ जाऊ शकतो. आणि रेबीजचा एक मुका प्रकारही असतो: कुत्रा भुंकत नाही, धावत नाही, कोपऱ्यात बसून राहतो, जबडा लुळा पडल्यामुळे त्याला गिळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलंय, आणि तो चांगल्या मनाने तोंडात हात घालतो. घशात काही अडकल्यासारखं दिसणाऱ्या अनोळखी कुत्र्याच्या तोंडात कधीही हात घालू नये.

अंग वाचायचं कसं

शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, हा सगळ्यात महागात पडणारा समज. हलणाऱ्या शेपटीवरून कुत्रा उत्तेजित झालाय एवढंच कळतं. आनंदाने की रागाने, ते बाकीच्या अंगावरून ठरतं. शेपूट पाठीच्या रेषेत किंवा थोडी खाली, झोके मोठे, आणि तिच्याबरोबर कंबरही हलतेय, तर कुत्रा मोकळा आहे. शेपूट काठीसारखी वर ताठ आणि फक्त टोक भराभर थरथरतंय, अंग मात्र स्थिर, तर तिथेच थांबावं. शेपूट पोटाशी घातलेली असेल तर तो घाबरलाय. घाबरलेला कुत्रा निरुपद्रवी समजू नये. तो बहुधा समोरून येत नाही, तुम्ही पाठ वळवली की पोटरी धरतो.

जातीप्रमाणे हिशेब थोडा बदलतो. अनेक गावठी कुत्र्यांची शेपूट मुळातच पाठीवर वळलेली असते, ती वर दिसली म्हणून दचकायचं कारण नाही. उलट तीच सरळ होऊन खाली आली तर काहीतरी बिनसलंय. कारवानी किंवा पश्मी कुत्र्यांची शेपूट एरवीही खालीच असते. शेपूट कापलेला डोबरमन किंवा रॉटवायलर असेल तर ही खूण जवळजवळ हातची गेली, पगच्या चपट्या तोंडावर ओठांच्या हालचाली कळत नाहीत, आणि केसाळ कुत्र्याचे डोळेच दिसत नाहीत. अशा वेळी सगळं लक्ष अंगाच्या सैलपणावर द्यावं.

सैलपणा हीच सगळ्यात भरवशाची खूण. खूश कुत्र्याचं अंग वळवळतं, पाठ थोडी वाकते, तोंड सैल उघडं असतं, जीभ बाहेर लोंबते. धापा टाकणाऱ्या कुत्र्याने तुम्ही जवळ येताच एकदम तोंड मिटलं, तर ती खूण मोठी समजावी. तो विचारात पडलाय आणि उत्तर अजून तुमच्या बाजूने लागलेलं नाही. त्याहून गंभीर म्हणजे जागच्या जागी थिजणं. हात फिरवता फिरवता कुत्रा क्षणभर दगडासारखा झाला तर हात लगेच सैल सोडून बाजूला घ्यावा. थिजणं आणि चावणं यांत कधी एका सेकंदाचंही अंतर नसतं.

त्याच्या आधीच्या पायऱ्या सौम्य असतात आणि म्हणून नजरेतून सुटतात. समोर खाणं नसताना ओठ किंवा नाक चाटणं, झोप नसताना जांभई देणं, मान दुसरीकडे फिरवणं, अंग मागे झुकवून पुढचा एक पंजा उचलणं, तोंड एकीकडे आणि डोळे तुमच्याकडे असे की बुबुळाच्या कडेला पांढऱ्याची चंद्रकोर दिसते. यांतलं एखादं लक्षण सुटं दिसलं तर फार अर्थ काढू नये, कुत्र्यालाही साधी जांभई येते. दोन-तीन एकत्र दिसली तर एक पाऊल मागे घ्यावं.

कुत्रा उताणा झाला की त्याला पोट खाजवून हवंय, असं धरून लोक वाकतात. उताणं होण्याचे दोन प्रकार आहेत. अंग वळवळतंय, तोंड उघडं, पाय सैल, तर आमंत्रण आहे. अंग ताठ, शेपूट पायांत, तोंड बंद, नजर दुसरीकडे, तर तो 'मला सोड' म्हणतोय. दुसऱ्या प्रकारात पोटाला हात लावला की चावा मनगटावर बसतो.

गुरगुरण्याबद्दल एवढंच: ती सूचना आहे आणि ती दिल्याबद्दल कुत्र्याला कधी मारू नये, रागावू नये. गुरगुरण्यावर मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो. मानेवरचे आणि पाठीवरचे केस उभे राहणं ही उत्तेजनेची खूण आहे. तेवढ्यावरून राग ठरवता येत नाही, पण ते केस बसेपर्यंत जवळ जाण्यात अर्थ नाही.

मालकाबरोबरच्या कुत्र्याला भेटताना

सात-आठ फुटांवर थांबा आणि आधी मालकाशी बोला. "हात लावू का?" या प्रश्नाला बहुतेक लोक भिडेपोटी हो म्हणतात. "याला नवीन माणसं आवडतात का?" असं विचारलं तर खरं उत्तर मिळतं. "काही करत नाही हो" हे उत्तर धरू नका. असं म्हणता म्हणता मालकाने पट्टा हाताला दोन वेढे घालून आखडता घेतला, तर त्याच्या हातावर विश्वास ठेवा, शब्दांवर नको.

पट्टा ताणलेला असताना भेट घेऊ नये. ताणलेल्या पट्ट्यात कुत्र्याला मागे जाता येत नाही आणि गळ्यावरच्या दाबाने तो आणखी चिडतो. मालकाला पट्टा सैल सोडायला सांगा. ते जमणार नसेल तर नमस्कार मालकालाच करून पुढे चालू लागा.

आता अंग थोडं तिरकं करा, कुत्र्याला तुमची बाजू दिसेल असं. समोरासमोर ताठ उभं राहणं आणि थेट डोळ्यांत बघणं ही कुत्र्यांच्या रीतीत आव्हानाची भाषा आहे. नजर त्याच्या खांद्यावर किंवा जमिनीवर ठेवा. त्याच्यावर वाकू नका. छोट्या कुत्र्यासाठी गुडघे मोडून बाजूने बसलं तर चालेल, पण मोठ्या अनोळखी कुत्र्यासमोर बसू नका, कारण त्यात तुमचा चेहरा त्याच्या दातांच्या उंचीवर येतो.

हात पुढे करायचा नाही. मूठ किंवा उलटा हात नाकाशी नेऊन हुंगायला द्यावा, हा सल्ला जुना आहे आणि अजून सगळीकडे ऐकू येतो. तो आमच्या मते सोडून द्यावा. कुत्र्याला तुमचा वास कित्येक फुटांवरून आलेला असतो, तुम्ही दुपारी काय जेवलात तेही. नाकापुढे आलेला हात त्याला माहिती देत नाही, त्याची जागा व्यापतो. बुजऱ्या कुत्र्याला मागे सरकणं किंवा हात धरणं एवढंच मग उरतं. हात मांडीजवळ सैल लोंबता ठेवा. यायचं असेल तर तो येईल.

आला तर हुंगू द्या. पायाच्या नडगीपासून सुरुवात होते, चपला, पिशवी, कधी नको तिथेही नाक जातं. या वेळात हात लावू नका. हुंगणं म्हणजे होकार नव्हे. हुंगून तो निघून गेला तर भेट झाली, आणि चांगली झाली.

तो थांबला, अंगाला टेकला, अंग सैल आहे, तर त्याच्या जवळच्या हाताने छातीवर, खांद्याच्या बाजूला किंवा हनुवटीखाली हळू खाजवा. तीन सेकंद. मग हात काढून घ्या आणि बघा. त्याने नाकाने हात ढकलला, आणखी जवळ सरकला, तर पुन्हा तीन-चार सेकंद. तो जागचा हलला नाही, तोंड फिरवलं, ओठ चाटले, अंग झटकलं, तर पुरे. हे मोजणं सुरुवातीला यांत्रिक वाटतं, पण 'त्याला आवडतंय' आणि 'तो सहन करतोय' यांतला फरक हात काढल्यावरच कळतो.

डोक्यावरून थोपटणं हा माणसाचा आवडता प्रकार, कुत्र्याचा नव्हे. वरून येणारा हात त्याला दिसेनासा होतो. अनोळखी कुत्र्याच्या बाबतीत डोकं, कान, पंजे, शेपूट आणि कंबर ही ठिकाणं वर्ज्य समजावीत. गळ्यातला पट्टा पकडू नये, मिठी मारू नये, उचलू नये, तोंडाला तोंड लावू नये. सेल्फीसाठी गळ्यात हात टाकून गाल टेकवणं यात मिठी, चेहरा आणि रोखलेली नजर तिन्ही एकदम येतात.

लिफ्टमध्ये कुत्रा असेल तर पुढच्या फेरीची वाट बघा. आत आधीच असाल आणि कुत्रा आला तर त्याच्याकडे बाजू करून भिंतीशी उभे राहा, हात खाली, गप्पा नकोत. लांबणाऱ्या दोरीच्या पट्ट्याला बांधलेला कुत्रा क्षणात दहा-पंधरा फूट येऊ शकतो, म्हणून तिथे अंतराचा अंदाज दुप्पट धरा. आणि जूनमधली एक गोष्ट: रेनकोट, उघडलेली छत्री, हेल्मेट, पाठीवरचं मोठं ओझं यांनी माणसाचा आकार बदलतो. कालपर्यंत शेपूट हलवणारा कुत्रा पहिल्या पावसात तुमच्यावर भुंकला तर त्याने तुम्हाला ओळखलेलंच नाही. थांबा, हेल्मेट काढा, नेहमीच्या आवाजात बोला.

रस्त्यावरचा कुत्रा

इथे विचारायला मालक नसतो, म्हणून आधी स्वतःला विचारावं की जवळ जायचं काम काय आहे. काम नसेल तर बाजूने जाणं हीच उत्तम ओळख. गल्लीतल्या कुत्र्यांना रोज शांतपणे बाजूने जाणारा माणूस आठवड्याभरात पाठ होतो.

कानाला व्ही आकाराची खाच किंवा कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे, आणि त्या वेळी त्याला रेबीजची लसही दिली जाते. खाचेचा अर्थ त्यापलीकडे ताणू नये. लसीचा जोर कायम राहत नाही, दरवर्षी पुन्हा टोचावी लागते, आणि खाच मात्र जन्मभर दिसते.

ओळख करायचीच असेल तर कुत्रा एकटा असताना करावी. एकेकटे गरीब असलेले कुत्रे टोळीत वेगळे वागतात. वेळ सकाळची, जागा मोकळी, मागे सरकायला दोघांनाही वाट. आठ-दहा फुटांवर तिरकं उभं राहून पोळीचा तुकडा त्याच्या दिशेने, थोडा बाजूला टाका आणि दोन पावलं मागे या. तो खाईपर्यंत हलू नका. दुसऱ्या दिवशी सहा-सात फूट. हाताने भरवू नका. भुकेलेला कुत्रा तुकडा ओढताना दात बोटाला लागतो, त्याच्या मनात काही नसतं, पण दात लागला की इंजेक्शनं आलीच. चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा घातलेलं कालवण कुत्र्यांना विषारी ठरू शकतं, ते शिळं उरलंय म्हणून घालू नये. आणि खायला घालायची जागा हाही आता नियमाचा विषय आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाण्याच्या जागा ठरवण्याची तरतूद आहे, आणि २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यात कुठेही खायला घालायला मनाई करून नेमून दिलेल्या जागीच ते करावं असं सांगितलं. लहान मुलांच्या खेळायच्या जागेपाशी, जिन्यात, फाटकात खाणं ठेवलं की कुत्रे ती जागा राखू लागतात, आणि मग तिथून जाणाऱ्यावर भुंकतात.

जखमी कुत्र्याचं मात्र वेगळं. वेदनेत कुठलाही कुत्रा चावतो, ओळखीचाही. गाडीने उडवलेल्या कुत्र्याला सरळ हात लावू नका. आधी आसपासची रहदारी थांबवा, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला फोन करा, अंगावर जाड टॉवेल किंवा गोणपाट टाका. हलवणं अटळच असेल तर ओढणीचा फास करून लांबूनच जबड्यावर अडकवा, गाठ हनुवटीखाली घ्या, टोकं कानामागे नेऊन बांधा. चपट्या नाकाच्या, ओकणाऱ्या किंवा श्वास लागलेल्या कुत्र्याचं तोंड असं कधी बांधू नये, तो गुदमरेल.

कुणाच्या घरी

घंटी वाजली की कुत्रा सर्वांत जास्त उत्तेजित असतो, त्यामुळे दारातच लाड सुरू करू नयेत. यजमानांनी त्याला आत किंवा पट्ट्यात घ्यावं, पाहुण्यांनी येऊन बसावं, आणि पहिली दहा मिनिटं कुत्रा घरात नाहीच असं वागावं. उडी मारली तर ढकलू नका, तो खेळ समजतो. अंग वळवून उभे राहा. त्याचं अंथरूण, खाण्याचं भांडं आणि खेळणं यांना हात लावू नका. चहाबरोबरचा बिस्किटाचा तुकडा यजमानांना विचारल्याशिवाय देऊ नका. कुत्रा पलंगाखाली जाऊन बसला तर त्याला बाहेर काढायचा आग्रह यजमानांनाही करू देऊ नये.

मुलं

लहान मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, त्यामुळे मोठ्याला हाताला होणारी जखम मुलाला गालाला, मानेला होते. मुलं किंचाळतात, धावतात, कवेत घेतात, एकटक बघतात, म्हणजे कुत्र्याला अवघड जाणाऱ्या सगळ्या गोष्टी एकाच वेळी करतात. साधारण दहा वर्षांखालच्या मुलाने अनोळखी कुत्र्याला भेटताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. बाकावर बसून मोबाइलमध्ये डोकं घालणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे. आधी मोठ्याने वर सांगितलेल्या पद्धतीने भेटावं, सगळं सुरळीत दिसलं तर मुलाने एका हाताने, कुत्र्याच्या खांद्याला, तीन सेकंद.

मुलांना दोन खेळ शिकवून ठेवावेत. 'झाड': कुत्रा धावत आला की जागच्या जागी उभं राहायचं, हात म्हणजे फांद्या त्या खाली दुमडायच्या, नजर आपल्या पायांकडे, तोंड बंद. 'दगड': खाली पडलो तर गुडघे पोटाशी, हातांच्या मुठी मानेमागे, दंड कानांवर, हलायचं नाही. घरात पाच-सहा वेळा खेळून घेतलं तरच ऐनवेळी आठवतं. नुसतं सांगून मूल पळतंच. 'हाड हाड' करत मागे लागणं, शेपूट ओढणं, दुसऱ्यावर 'छू' करून कुत्रा सोडणं हे खेळ मात्र पहिल्याच वेळी बंद करावेत.

कुत्रा अंगावर आला तर

पळू नका. पळणाऱ्याच्या मागे लागणं कुत्र्याच्या रक्तात आहे आणि वेगात तुम्ही जिंकणार नाही. थांबा, तिरके व्हा, डोळ्यांत बघू नका, पण त्याला नजरेआड होऊ देऊ नका. हातातली पिशवी, छत्री, दप्तर तुमच्या आणि त्याच्या मधे धरा. मोठ्या पण खालच्या आवाजात एकदाच "जा" म्हणा. किंचाळण्याने तो आणखी चेकाळतो. तो थांबला की पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. बहुतेक गल्लीतल्या कुत्र्यांची हद्द पन्नास-शंभर पावलांत संपते, आणि हद्दीबाहेर त्यांचा जोर ओसरतो.

दगड उचलायला वाकल्याचं नाटक रस्त्यावरच्या पुष्कळ कुत्र्यांवर चालतं, कारण त्यांनी दगड खाल्लेले असतात. तरी तो शेवटचा उपाय ठेवावा. पिल्लं असलेली कुत्री, टोळी आणि पाळीव राखणदार यांच्यावर तो उलटतो, आणि वाकताना तुमचा चेहरा खाली व नजर भलतीकडे जाते.

दुचाकीमागे कुत्रे लागले की लोक वेग वाढवतात किंवा पाय वर घेतात, आणि खरी दुखापत चाव्याने होण्याऐवजी पडण्याने होते. मागे रहदारी नसेल तर वेग कमी करा. जमलं तर गाडी थांबवा, पाठलाग करण्यासारखं काही उरलं नाही की बरेच कुत्रे गोंधळून थांबतात. सायकलवरून उतरून सायकल मधे धरून चालत जावं.

दात लागलाच तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण दोन मिनिटांतच पंधरा झाल्यासारखी वाटतात. रेबीजचा विषाणू साबणाने मरतो, म्हणून हे काम इंजेक्शनाइतकंच महत्त्वाचं आहे. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. हळद, चुना, मिरची, तेल, तंबाखू काहीही भरू नका. घट्ट आवळून बांधू नका. टाकेही लगेच घालत नाहीत, घालावेच लागले तर डॉक्टर आधी जखमेत विषाणूला रोखणारी तयार प्रतिद्रव्यं सोडतात.

मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. न फाटलेल्या कातडीवर नुसतं चाटलं असेल तर फक्त धुणं पुरतं. रक्त न येता ओरखडा किंवा दाताची खूण असेल तर लस लागते. रक्त आलं, किंवा फाटलेल्या कातडीला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागली, तर लसीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती रेबीजची तयार प्रतिद्रव्यंही सोडावी लागतात, कारण लसीचा जोर यायला काही दिवस जातात. ती पहिल्याच दिवशी न मिळाल्यास लसीच्या पहिल्या मात्रेपासून सात दिवसांच्या आत घेता येतात. बाळाच्या पायाला नख लागून आलेला रक्ताचा एक थेंबही याच गटात मोडतो.

लस कातडीत घेतली तर दिवस ०, ३, ७ आणि २८. स्नायूत घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८. शून्य म्हणजे पहिल्या टोचणीचा दिवस. पोटात चौदा इंजेक्शनं हा प्रकार केव्हाच बंद झालाय, आता दंडात घेतात. लहान मुलांना मांडीत देतात, कुल्ल्यावर देत नाहीत. गरोदर बाईलाही लस देतात आणि द्यावीच लागते. धनुर्वाताचं इंजेक्शन डॉक्टर ठरवतील. तिसरी मात्रा झाल्यावर बरं वाटतंय म्हणून शेवटची सोडणारे बरेच असतात. लक्षणं दिसल्यावर रेबीजवर भरवशाचा इलाज नाही, तेव्हा शेवटची तारीखही पहिल्या तारखेसारखीच पाळावी.

कुत्रा ओळखता येण्यासारखा असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवावी. लाळेतून विषाणू सोडणारा कुत्रा या दहा दिवसांत आजारी पडून मरतो. तो दहाव्या दिवशीही ठणठणीत असेल तर पुढच्या मात्रांबद्दल डॉक्टर निर्णय घेतात. पण वाट बघत लस लांबवायची नाही, लस आजच सुरू करायची. 'पाळलेला आहे, सगळी इंजेक्शनं झाली आहेत' असं मालक म्हणाला तरी कागद बघावा आणि दवाखान्यात जावंच.

कुत्र्यांना रोज खायला घालणारे, कुरिअर आणि गॅसची टाकी पोचवणारे, वीजमीटर वाचणारे, सोसायटीचे वॉचमन, प्राण्यांच्या दवाखान्यात काम करणारे यांनी चावा बसायच्या आधीच लस घेऊन ठेवावी. दिवस ०, ७ आणि २१ किंवा २८ अशा तीन मात्रा असतात. त्यानंतर कधी दात लागला तर जखम धुऊन फक्त ० आणि ३ या दोन मात्रा पुरतात, प्रतिद्रव्यांची गरज पडत नाही. त्यासाठी आधीच्या मात्रांचं कार्ड जपून ठेवावं आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्यावा.